मावळ्याची पाठ

मिनिएचर रंगवायला शिकवणारा कुठलाही व्हिडिओ लावा. पहिल्या दोन मिनिटांत खरेदीची यादी येते. हा ब्रश, तो प्रायमर, अमुक कंपनीचे बारा रंग, तमुक कंपनीचा वॉश. मग राखाडी प्लास्टिकचा एक सैनिक येतो आणि वीस मिनिटांत चकाचक होऊन निघून जातो. असे व्हिडिओ मी विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या ढिगानं पाहिलेत. बरेचसे चांगले असतात. शिकवणारे न चिडता, मन लावून शिकवतात. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला हे फार कमी वेळा भेटलं. पण एक प्रश्न त्यात सहसा कुणी विचारत नाही. हा सैनिक रंगवून झाल्यावर त्याच्याकडे बघणारा माणूस कुठे उभा असणार आहे?

माझ्या मते सुरुवात इथून करायला हवी. रंग किती पातळ करायचा, चकाकी ठेवायची की मारायची, डोळ्यात बुबुळ काढायचं की नुसती सावली सोडायची, पाठ रंगवायची की नाही, हे सगळं या उत्तरावर ठरतं. आणि वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न सुचायला फार लांब जावं लागत नाही. आमच्याकडे वर्षातून दोनदा छोटे रंगीत पुतळे घराबाहेर मांडले जातात. दिवाळीत किल्ला, नाताळात गोठा. आपण त्यांना मिनिएचर म्हणत नाही, एवढंच.

ज्यांना हा छंद अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. टेबलटॉप वॉरगेम म्हणजे टेबलावर टेकड्या, भिंती, पडकी घरं मांडायची, दोन्ही बाजूंनी छोटी सैन्यं उभी करायची आणि मोजपट्टी व फासे घेऊन लढाई खेळायची. परग्रहवासीयांच्या हल्ल्याची कादंबरी लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं, खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारं. आजच्या छंदाचा मोठा भाग ज्या कंपनीभोवती फिरतो ती गेम्स वर्कशॉप १९७५मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. तिचा 'वॉरहॅमर' १९८३चा आणि अवकाशातला 'वॉरहॅमर ४०,०००' १९८७चा. पुतळे साधारण २८ मिलिमीटरचे, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढे. ते सुट्या भागांत, बिनरंगाचे मिळतात. चिकटवायचे, प्रायमर मारायचा, रंगवायचे. पुष्कळ लोक खेळाच्या वाटेलाही जात नाहीत, फक्त रंगवतात. मी त्यातलीच.

आता यातला एखादा पुतळा हातात घेऊन नीट बघा. डोकं मोठं, पंजे मोठे, तलवार तर दारूच्या नशेत कुणीतरी घडवल्यासारखी जाड. या प्रमाणाला छंदात 'हिरॉइक स्केल' म्हणतात. त्याचं कारण साधं आहे. टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला दोन-तीन फुटांवरून चेहरा आणि हत्यार ओळखू यायला हवं. रंगही त्याच हिशेबानं लागतात. खाचांमध्ये गडद पातळ रंग सोडायचा, उठलेल्या भागांवर फिकट, आणि कडांवर अजून फिकट बारीक रेघ ओढायची. खऱ्या जगात कुठल्याच चिलखताला अशी उजळ किनार नसते. ट्रकच्या मागे अक्षरांना सावली देऊन किनार काढतात ना, तोच हा प्रकार: लांबून, हलत्या नजरेला वाचता यावं म्हणून केलेला. मला तो खोटा वाटत नाही. उपयोगाला चोख वाटतो.

पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. खेळताना आपलं सैन्य आपल्याला पाठमोरं दिसतं. त्यांची तोंडं शत्रूकडे, आपण त्यांच्या मागे. म्हणून या छंदात पाठ मन लावून रंगवतात. अंगरख्याच्या चुण्या, पाठपिशव्या, मागे बांधलेल्या ढाली यांवर तासन्‌तास जातात. ज्याला सैन्याची फक्त पाठ दिसते तो कोण असतो? सेनापती. किंवा सैन्य पुढे धाडून स्वतः मागे राहणारा कुणीतरी. हा छंद तुम्हाला पहिल्या दिवसापासून त्या जागी उभं करतो, आणि पाठीवर कुठला रंग छान दिसेल यात आपण इतके गुंतलेले असतो की ही जागा आपण कधी घेतली ते कळतही नाही.

आता दिवाळीतला मावळा घ्या. वसई स्टेशनबाहेर किंवा नालासोपाऱ्याच्या बाजारात दिवाळीच्या आधी ठेले लागतात. सिंहासनावर महाराज, भालेवाले मावळे, तोफा, वाघ, गवळण, तराजू घेतलेला वाणी, आणि कसलाही संकोच न बाळगता रायफलवाला जवान. मातीचे कमी, प्लास्टर ऑफ पॅरिसचे जास्त. मावळा चार-पाच इंचांचा. अंगाला गुलाबीकडे झुकणारा एकच रंग, लाल किंवा केशरी पागोटं, मिशीची एक रेघ, भुवईच्या दोन रेघा, डोळ्यांचे दोन ठिपके. सगळं मिळून वीस-पंचवीस फटकारे. चकचकीत रंग. आणि पाठीला बहुतेक वेळा नुसता एक सपाट हात, कधी तोही नाही.

मिनिएचर छंदातल्या कुणालाही हा पुतळा दाखवला तर तो म्हणेल रंग जाड आहे, शेडिंग नाही, चकाकी मारायला मॅट वार्निश हवं. टेबलावरच्या दिव्याखाली त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण मावळा टेबलावर राहत नाही. तो अंधारात, मातीच्या उतारावर, पणतीशेजारी उभा असतो. पणतीचा उजेड खालून किंवा बाजूने येतो, पिवळा असतो आणि हलता असतो. छंदातलं शेडिंग गृहीत धरतं की उजेड वरून येतोय; त्यासाठी वरून पांढरा फवारा मारून घ्यायची पद्धतही आहे. असा शास्त्रशुद्ध शेडिंग केलेला पुतळा पणतीजवळ ठेवला की रंगवलेल्या सावल्या एकीकडे आणि खऱ्या सावल्या दुसरीकडे पडतात, आणि चेहरा मळकट दिसतो. मी ठेवून पाहिलाय. शेजारचा सपाट रंगाचा मावळा मात्र जिवंत वाटत होता, कारण त्याच्या सावल्या पणती काढत होती आणि चकचकीत रंगावर ज्योत हलत होती. ठेल्यावरच्या कारागिराने हे सगळं मनात मांडून केलं असेल असा माझा दावा नाही. पटापट शेकडो पुतळे रंगवायचे तर सपाट रंगच परवडतो. पण परवडणारी गोष्ट आणि जागेला शोभणारी गोष्ट इथे एकच निघाली आहे, आणि कलेच्या इतिहासात असं बऱ्याचदा होत असावं.

पाठीचंही तेच. किल्ल्यावर सगळे पुतळे आपल्याकडे तोंड करून असतात. महाराज आपल्याकडे बघत असतात, पहारेकरी आपल्याकडे, वाणीही आपल्याकडे. आपण दरबारात आलेले पाहुणे असतो, किंवा गडाखालच्या गावातले. सेनापतीची जागा इथे आपल्याला मिळत नाही; ती डोंगराच्या माथ्यावर भरलेली आहे, आणि तिथला पुतळा दरवाज्याहून उंच आहे. प्रमाणाची ही 'चूक' दरवर्षी कुणीतरी हसून दाखवतं. मला ती चूक वाटत नाही. ज्याचा मान मोठा त्याचा आकार मोठा, हा हिशेब आपल्या जुन्या शिल्पांत आणि चित्रांत सर्रास सापडतो. मुलांना तो कुणी शिकवावा लागत नाही.

मावळ्याचं सगळंच कौतुक करण्यासारखं आहे असं मात्र नाही. माझी खरी तक्रार चेहऱ्याबद्दल आहे. साचा एक, म्हणून चेहरा एक, हे समजू शकतं. पण कातडीचा रंग? घाटावरचे, कोकणातले, समुद्रावर जन्म घालवलेले लोक, आणि सगळे गुलाबी. रंग बदलायला साचा बदलावा लागत नाही. बाटलीत थोडा तपकिरी जास्त ओतला की झालं. इथे छंदाची शिस्त कामाला येते. छंद सांगतो की त्याच साच्यातल्या दहा सैनिकांना दहा त्वचा द्या: एकाच्या मिश्रणात जास्त तांबडा, एकाच्यात जास्त निळसर तपकिरी, एखाद्याच्या कानशिलावर पांढरे केस. वीस मिनिटांचं काम, आणि एका साच्याचा घोळका दहा माणसांचा होतो. किल्ल्यावर महाराजांना नाव असतं. बाकीच्यांना निदान चेहरा तरी मिळावा.

म्हणून सुरुवात करायची असेल तर माझा सल्ला असा: परदेशी खोका मागवण्याआधी चार मावळे आणा. आयात रंगाच्या एका बाटलीच्या पैशात ते आरामात येतात. बिनरंगी पांढरे मिळाले तर उत्तम. प्लास्टर पाणी पितं, ब्रश टेकवताच रंग जागच्या जागी सुकतो आणि पट्टे पडतात. त्यामुळे आधी फेविकॉल पाण्यात चांगला पातळ करून एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. रंगवलेलेच मिळाले तर बारीक पॉलिश पेपरने चकाकी घालवा, मग प्रायमर. स्प्रे प्रायमर पावसाळ्यात आमच्या हवेत मारू नका, दमट हवेत तो दाणेदार बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर बारा महिने चालतो. रंग ॲक्रिलिकचे. कॅमलचे चालतात, ते बनवणाऱ्या कॅमलिनचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात तारापूरला आहे, म्हणजे लोकल म्हणावं तर हेच. ट्यूबमधला रंग घट्ट असतो, तो पाणी घालून दुधाइतका पातळ करायचा आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्यायचे. पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग: आमच्या उकाड्यातही रंग तासभर ओला राहतो. आणि सगळ्यात बारीक ब्रश घेण्याचा मोह टाळा. त्याच्या टोकावर रंग चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत सुकतो. एक किंवा दोन नंबरचा, टोक नीट जुळणारा गोल ब्रश पुरतो.

डोळ्यांपाशी सगळे अडतात. व्हिडिओवाल्यांची रीत चांगली आहे: खोबण आधी गडद भरायची, त्यात पांढरी आडवी रेघ, तिच्यावर गडद उभी रेघ, आणि मग कातडीच्या रंगाने वरून-खालून कडा साफ करायच्या. पण डोळे म्हणजे काय हे बघायचं असेल तर गणपतीच्या कारखान्यात जा. तिथे सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी आखणी होते, आणि ती कुणाच्याही हातात देत नाहीत. आखणी करणारा श्वास रोखून एका दमात वरच्या पापणीची रेघ ओढतो. दुरुस्तीची सोय जवळपास नसते. त्याला बघणाऱ्याची जागा पक्की ठाऊक असते: समोर, थोडं खाली, हात जोडलेला. ती नजर त्या जागेवर पोचायला हवी. २८ मिलिमीटरच्या सैनिकाला अशी नजर नकोच. तो आपल्याकडे बघणारच नाहीये. तिथे भुवईखालची सावली पुरते, आणि नवशिक्यानं तिथे बुबुळासाठी जीव काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मावळ्याला मात्र डोळे काढाच.

नाताळच्या गोठ्याची गोष्ट आणखी वेगळी. वसईच्या ख्रिस्ती घरांत डिसेंबरमध्ये गोठे उभे राहतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. ही चाल संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडलेल्या देखाव्यापासून रुजली असं मानतात. तिथले पुतळे बघणाऱ्याकडे बघत नाहीत. मेंढपाळ, राजे, जनावरं, सगळ्यांची तोंडं मधल्या बाळाकडे असतात, त्यामुळे पुढे उभ्या मेंढपाळांची पाठ दिसते आणि ती रंगवलेली असते. आपण त्यांच्या मागच्या रांगेत उभे राहून त्यांच्या खांद्यावरून डोकावत असतो. वर तारा लटकतो, म्हणजे उजेडही वरून. छंदातलं शेडिंग इथे बरोबर बसतं! आमच्या बिल्डिंगमध्ये हे दोन्ही सण होतात, आणि गोठ्यातली मेंढरं दिवाळीत आमच्या किल्ल्याच्या अळिवावर चरून जातात. प्रमाण जुळत नाही. कुणाचंच काही बिघडत नाही.

या दोन्हींत एक साम्य आहे, आणि वॉरगेमशेजारी ठेवल्यावरच ते मला दिसलं. गोठ्यात हेरोद नसतो. किल्ल्यावर शत्रू नसतो. भाले आहेत, तोफा आहेत, पण त्या कुणावर रोखलेल्या नाहीत. तोफेशेजारी गवळण दही विकतेय, विहिरीवर बाई पाणी भरतेय, गुहेत वाघ झोपलाय. किल्ला हे लढाईचं दृश्य नाहीच. लढाई संपून राज्य सुरळीत चाललंय, त्या एखाद्या दुपारचं ते दृश्य आहे. वॉरहॅमरच्या जगात अशी दुपार येत नाही. ती आली तर खेळ संपेल.

गेल्या दिवाळीत आमच्या मुलांनी ठरवलं की यंदा रायगड नको, आपलाच किल्ला करू, १७३९ची वसई. गंमत म्हणजे पायी जाण्याच्या अंतरावरचा हा किल्ला आमच्या भागात मी क्वचितच कुणाच्या अंगणात पाहिलाय. त्याला कारण आहे. विटा, गोणपाट आणि चिखल यांचा ढीग आपोआप डोंगर होतो; वसईचा किल्ला सपाटीवर, खाडीच्या तोंडाशी पसरलेला, आत चर्चच्या उंच पडक्या भिंती. ठेल्यावर चर्च मिळत नाही. आणि वेढा दाखवायचा तर दुसरी बाजू हवी. "ताई, पोर्तुगीज कुठे मिळतात?" असं एकाने विचारलं. कुठेच मिळत नाहीत. छंदात याला उपाय आहे, किटबॅश: या पुतळ्याचं डोकं, त्या पुतळ्याचे हात. आम्ही जवानांच्या रायफली कापून लांब केल्या, टोप्यांवर एम-सीलची किनार फिरवली. एम-सील हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त मॉडेलिंग पुट्टी आहे, हे जाता जाता.

मग रंगाचा प्रश्न आला. मुलांनी सरळ गोरा रंग काढला. शेजारची दहावीतली मुलगी, तिच्याच घरच्या त्या मेंढ्या, म्हणाली की सगळे गोरे कसे असतील, आमचे लोक पण आतच होते की. बरोबर होतं तिचं. पोर्तुगीज इथे १५३४पासून होते, दोनशे वर्षं. तटाच्या आत राहणारे, पहारा देणारे सगळे लिस्बनहून आलेले नव्हते. तेव्हा दोन्ही बाजूंना आम्ही एकाच बाटलीतला तपकिरी वापरला, कमीजास्त करून. टेबलापासून थोडं लांब उभं राहिलं की कोण कुठल्या बाजूचा हे आता फक्त टोपीवरून कळतं.

यावर आक्षेप येऊ शकतो, आणि तो हलका नाही. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हजारो माणसं पडली. त्या बाजूच्या घरांसाठी हा विजय आहे आणि त्याचा अभिमान खरा आहे. शत्रूला चेहरा देत बसणं हे त्या अभिमानाला पाणी घालणं नाही का? मला तसं वाटत नाही, पण माझं कारण इतिहासातलं नाही, ब्रशचं आहे. चेहरा रंगवताना तो कुणाचा आहे हे विसरून जावं लागतं, नाहीतर तो नुसता मुखवटा होतो. वॉरहॅमरच्या खोक्यांत राक्षसांचेच पुतळे सगळ्यात बारकाईने घडवलेले असतात, हे त्या छंदाबद्दल मला आवडणाऱ्या गोष्टींपैकी एक.

इथे फोनबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही हे फोनवरच वाचताय आणि तुमचा पहिला पुतळा तुम्ही फोनवरच दाखवणार आहात. फोनने बघणाऱ्याची एक नवीनच जागा तयार केली आहे: नाकापासून दोन इंचांवर, एकाच कोनात. त्या जागेसाठी एक आख्खी शैली वाढली आहे. धातूचा रंग न वापरता धातू दाखवायची एक कसरत आहे, नॉन-मेटॅलिक मेटल नावाची, तीत तलवारीवरचं प्रतिबिंब रंगवूनच काढतात. फोटोत डोळे दिपतात. पुतळा हातात घेऊन फिरवा, की ते प्रतिबिंब जागचं हलत नाही आणि तलवारीचं लाकूड होतं. मी या शैलीला कमी लेखत नाही, ती अवघड आहे. पण तिच्या पुतळ्याभोवती फिरता येत नाही. किल्ल्याभोवती मुलं दिवसभर फिरतात.

आमच्या वसईचं काम अजून चालू आहे. दिवाळी संपली, चिखल काढला, पण पुतळे मी एका प्लायच्या फळीवर घेतले. सॅन सेबॅस्टियन बुरुज, ज्याच्याखाली सुरुंग लावले होते, तो आधी करायचा असा मुलांचा आग्रह होता, कारण स्फोट कापसाचा करता येतो. तो झाला. आता त्यानंतरचे दिवस करतेय. शरणागतीच्या अटींत सैन्याला आणि कुटुंबांना सुखरूप बाहेर पडायची मुभा होती. फळीच्या एका टोकाला खाडी आहे, तिच्याकडे निघालेली माणसांची एक रांग आहे. त्यासाठी ठेल्यावरच्या उरलेल्या गवळणी वापरल्यात. डोक्यावरच्या मडक्यांची एम-सीलने गाठोडी केली. फळी भिंतीला जशी लागते तसं बघणारा तटाच्या बाजूला येतो, त्यामुळे हे सगळे त्याला पाठमोरे दिसणार. ठेल्यावरून आलेल्या गवळणींच्या पाठी कोऱ्या होत्या. रोज रात्री जेवणं झाली की एक पाठ घेते. पदराची चुणी, गाठोड्याची गाठ, कडेवरच्या पोराचा मागे लोंबणारा पाय. आतापर्यंत अकरा झाल्या आहेत.